स्टँडमागचं फॉर्मचं दुकान आणि लेकीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश

दुकानाचं नाव इथं देत नाही, कारण मालकांनीच नको म्हटलंय. जून-जुलैत त्यांच्या दारात आधीच पाय ठेवायला जागा नसते. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या स्टँडमागच्या बोळात दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचं यंत्र आणि इन्व्हर्टर, एवढाच पसारा. सातबारा, पीकविमा, रेशनकार्डाची दुरुस्ती, परीक्षांचे फॉर्म, सगळं तिथं होतं. माझ्या लेकीचा 2025 चा इंजिनिअरिंगचा प्रवेश याच दुकानातून झाला. पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा का कापला ते पुढं सांगते.

मी पिठाची गिरणी चालवते. आमचे हे टेम्पोवर असतात. सासर-माहेर दोन्हीकडं बारावी सायन्स करणारी लेक पहिलीच, त्यामुळं कॅप राउंड, ऑप्शन फॉर्म, बेटरमेंट हे शब्द गेल्या वर्षीपर्यंत आमच्या कानावर कधी पडले नव्हते. तिला मात्र इलेक्ट्रिकलच हवं होतं, आणि ते आजचं नाही. ती सातवीत असताना गिरणीची दहा हॉर्सपॉवरची मोटार जळाली. तीन फेजमधली एक गेली होती, मोटार दोन फेजवर गुरगुरत राहिली आणि दळण संपवायच्या नादात मी ती बंद केली नाही. रिवाइंडिंगवाल्यानं मोटार उघडली तेव्हा लेक शेजारी उकिडवी बसून सगळं बघत होती. जळून काळी झालेली वायंडिंग कुठली आणि चांगली कुठली, हे संध्याकाळी तिनंच मला बोट लावून दाखवलं. एक फेज गेली की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर गिरणीला बसला तो तिच्या हट्टानं.

16 जूनला सीईटीचा निकाल लागला. 91 च्या वर पर्सेंटाइल आले. दुसऱ्याच दिवशी एका पाहुण्यांच्या सांगण्यावरून आम्ही शहरातल्या एका समुपदेशन केंद्रात गेलो. एसी ऑफिस, काचेचं टेबल, 12 हजारांचं पॅकेज, त्यातले चार हजार लगेच. त्यांनी लेकीला दोन प्रश्न विचारले, पर्सेंटाइल किती आणि जात कुठली. आवड विचारली नाही. तिनं आपणहून इलेक्ट्रिकल म्हटलं तर म्हणाले, "आता कॉम्प्युटर सोडून काही घेऊ नका." मग माझ्याकडं वळून सांगितलं की एका कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातली जागा आत्ताच धरून ठेवा, 50 हजार भरा, जुलैत मिळणार नाही. एक छापील यादीही दिली, साठेक कॉलेजांची. परत येताना एसटीत मी पाटल्या मोडायच्या हिशेबात होते.

त्या दुकानात मी गेले ते फक्त कागदांची झेरॉक्स काढायला. हातातली छापील यादी काउंटरवर ठेवली होती. दुकानदारांनी ती सहज वाचली आणि मशीन थांबवून विचारलं, "वहिनी, ही कुणी दिली?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पन्नास हजार भरलेत का?" नाही म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

पुढचा अर्धा तास त्यांनी जे सांगितलं त्याचे पैसे घेतले नाहीत. आम्ही माळी, म्हणजे ओबीसी. जुलै 2024 मध्ये सरकारनं निर्णय काढलाय की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय फेऱ्यांमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर ही माफी नाही, चारही वर्षांची पूर्ण फी घरातून भरायची. म्हणजे जी जागा मी पाटल्या मोडून धरणार होते, ती धरल्यामुळंच आमची फीमाफी गेली असती. हे त्या काचेच्या टेबलावर कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. समोरच्या माणसाला माहीत नसेल असंही वाटत नाही. मला आजही त्याचा राग येतो. चार हजार परत मिळाले नाहीत, मी पुन्हा तिकडं गेलेही नाही.

आता फॉर्म कधी भरायचा त्याबद्दल. दुकानदारांच्या मते प्रवेशाचं काम निकालानंतर सुरू होत नाही, मे महिन्यातच सुरू होतं. त्यांनी लेकीची फाईल उघडली आणि एकेक कागद उजेडात धरून पाहिला. जातीचा दाखला होता. जात वैधता प्रमाणपत्रही होतं, कारण अकरावीत असताना तिच्या सरांनी वर्गातल्या सगळ्यांचे अर्ज करून घेतले होते. त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो, आणि माझ्या सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर तो होता. पण नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्च 2025 ला संपली होती. प्रवेशाला ते 31 मार्च 2026 पर्यंत चालणारं लागत होतं. मी हे प्रमाणपत्र दहा वेळा हातात घेतलं असेल, तारीख एकदाही वाचली नव्हती. त्यासाठी तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला आधी लागतो. तो काढला, मग नॉन-क्रिमीलेअर. सगळं धावतपळत झालं, माझ्या दळणाचे चार दिवस मोडले. मे महिन्यात फाईल त्यांना दाखवली असती तर ही धावपळ झाली नसती.

नोंदणी जूनच्या शेवटी सुरू झाली. इथं दुकानाची एक पद्धत मला फार आवडली. पुष्कळ ठिकाणी घाईत दुकानाचाच मोबाइल नंबर टाकतात, मग पुढं प्रत्येक ओटीपीसाठी दुकानदाराच्या मागं फिरावं लागतं. यांनी लेकीचाच नंबर, लेकीचाच ईमेल घेतला. पासवर्ड तिलाच टाकायला लावला आणि स्वतः तोंड फिरवून बसले. "हा तुझ्या वहीत लिही, माझ्या नको," म्हणाले. कागद मूळ प्रतीवरून स्कॅन केले, झेरॉक्सवरून नाही, कारण तपासणीत अक्षर लागलं नाही की अर्ज त्रुटी काढून परत येतो. आम्ही ई-स्क्रुटिनी, म्हणजे कागदांची ऑनलाइन तपासणी, निवडली. ज्यांचे कागद गुंतागुंतीचे आहेत त्यांना ते सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष जायला सांगत होते. आमचा अर्ज एकदाच तपासून मंजूर झाला.

कॉलेजांकडं वळल्यावरचा त्यांचा पहिला प्रश्न मात्र मला कळलाच नव्हता. "बारावी कुठं केली?" मला वाटलं गप्पा मारतायत. तर तो होम युनिव्हर्सिटीचा प्रश्न होता. बारावी ज्या जिल्ह्यातून, त्यावरून मुलांचं विद्यापीठ ठरतं. सातारा, सांगली, कोल्हापूर हे शिवाजी विद्यापीठात. जिथं जागांची अशी विभागणी आहे तिथं 70 टक्के जागा आपल्या विद्यापीठातल्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना. पुण्याच्या मोठ्या क्लासपायी आमच्या ओळखीच्या एकीनं मुलाला अकरावी-बारावी पुण्यात करायला लावली. तो राहायला साताऱ्याचा, पण प्रवेशाच्या यादीत पुण्याचा झाला. चूक-बरोबर मी म्हणत नाही, पण हे दहावीनंतर कुणी सांगत नाही.

मग त्यांनी आदल्या वर्षीचा कटऑफ उघडला. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट असतो, कुणाला पैसे द्यायची गरज नाही. फक्त तो वाचता आला पाहिजे. कॉलेजखाली शाखा आणि शाखेखाली कोष्टक, वर जीओपीईएनएच, एलओबीसीओ असली अक्षरं. लेकीला त्यांनी पेन्सिलीनं फोड करून दाखवली. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. मधे जातीचा गट. शेवटी एच आपल्या विद्यापीठाचं, ओ बाहेरचं, एस राज्यपातळीचं. ओबीसी मुलीला खुल्यातल्या, ओबीसीतल्या, आणि त्या दोन्हींतल्या मुलींसाठीच्या, अशा सगळ्या रांगा मोकळ्या असतात. कोष्टकात मेरिट नंबर आणि पर्सेंटाइल दोन्ही असतात. पहिल्या फेरीचाच आकडा बघून नाराज होऊ नका, शेवटच्या फेरीचाही बघा, हे त्यांनी तीनदा तरी सांगितलं असेल. शिकवणी फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांचा कोड वेगळा असतो, तो पर्याय वेगळा भरावा लागतो. आम्हाला मुलींची माफी मिळणार होती म्हणून ते आम्ही फार धरलं नाही, पण मुलगा असेल आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर हा कोड चुकवू नका.

आता खरा भाग, ऑप्शन फॉर्म. यात 300 पर्यंत पर्याय भरता येत होते. 2025 ला चार फेऱ्या होत्या आणि नियम नवा होता. पहिल्या फेरीत यादीतला पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ, घ्यायलाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर तसंच. तिसऱ्या फेरीत पहिले सहा. चौथीत जे मिळेल ते. पहिल्या तीन फेऱ्यांत त्याखालचं काही मिळालं तर एक हजार रुपये भरून जागा स्वीकारायची आणि बेटरमेंट मागून पुढच्या फेरीत जायचं. वरची जागा मिळाली तर हातातली आपोआप सुटते, नाही मिळाली तर हातातली राहते.

हे समजल्यावर मी पुन्हा ती छापील यादी पाहिली. पहिल्या ओळीला एक खासगी कॉलेज होतं, लेकीनं कधी नावही न घेतलेली शाखा, आणि कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या बराच खाली. ती जागा तिला पहिल्याच फेरीत नक्की मिळाली असती, आणि पहिला पर्याय म्हणून तिथंच दार बंद झालं असतं. दुकानदारांनी फक्त ती ओळ बोटानं दाखवली आणि गप्प बसले. कुणाविरुद्ध एक शब्द बोलले नाहीत.

मला वाटायचं की आधी अवघड कॉलेज लिहिलं तर सोपं हातचं जाईल, दुसरा कुणी ते पहिलं लिहून घेऊन जाईल. माझी ही भीती त्यांनी माझ्याच धंद्यातून घालवली. "वहिनी, तुमच्याकडं डबे रांगेत असतात ना? रांग कशावरून? आधी आला तो पुढं. कुणाला गहू दळायचेत, कुणाला ज्वारी, त्यावरून रांग बदलते का? इथं रांग मेरिटची. हिचा नंबर आला की यंत्र हिची यादी वरून खाली वाचतं आणि पहिली शिल्लक जागा देतं. हिच्या मागचा माणूस कराडचं कॉलेज पहिलं लिहून हिच्या पुढं जात नाही." एवढं स्पष्ट मला दुसरं कुणीही सांगितलं नव्हतं. म्हणजे यादी लावायची ती आवडीनं, मिळण्याच्या अंदाजानं नाही.

मग कीबोर्ड त्यांनी लेकीकडं वळवला. मी मधे बोलायला लागले तर म्हणाले, "तुम्ही जरा चहा घ्या." एकेका नावाला ते तिला एकच विचारत होते, "हे मिळालं तर जाशील?" पुण्याचं सीओईपी इलेक्ट्रिकल. जाईन. सांगलीचं वालचंद. जाईन. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. लगेच हो. माटुंग्याचं व्हीजेटीआय तिनं वर टाकलं होतं. तिथं ती थांबली. मुंबईत आमचं कुणी नाही. माझा जीव वर-खाली होत होता, पण मी चहाचा कप धरून बसले. तिनंच दोन मिनिटांनी ते खोडलं. "नाव मोठं आहे म्हणून लिहिलं होतं," म्हणाली. त्या दोन मिनिटांत मी 'नको' म्हटलं असतं तर तिनं ते मुद्दाम ठेवलं असतं, मी माझ्या लेकीला ओळखते. शेवटी यादी 22 पर्यायांवर थांबली, सगळं इलेक्ट्रिकल किंवा त्याला लागून असलेलं.

पहिल्या फेरीत नववा पर्याय मिळाला, सांगली जिल्ह्यातलं एक खासगी कॉलेज. घरात पेढे आणले. एक हजार भरले, बेटरमेंट घेतलं.

दुसऱ्या फेरीआधी फॉर्म पुन्हा भरायचा होता आणि तेव्हा जे झालं ते या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं. कराड यादीत तिसरं होतं. आता तिसऱ्याला महत्त्व आलं होतं, कारण पहिल्या तीनपैकी मिळालं की संपलं. सांगलीच्या वालचंदसाठी अजून एक फेरी झगडायची असेल तर कराड चौथ्यावर न्यायचं, मग कराड मिळालं तरी ते हातात ठेवून तिसऱ्या फेरीत वालचंदची वाट बघता येते. पण मग तिसऱ्या जागी काय? कितीतरी जण तिथं न मिळणारं काहीतरी भरतात, नुसती जागा अडवायला. दुकानदार म्हणाले, "भरता येतं, बंदी नाही. पण ज्या दिवशी ते खरंच मिळेल त्या दिवशी रडायचं नाही." लेकीनं त्या रात्री यादी उशाशी घेऊन झोप काढली. सकाळी मला म्हणाली, "आई, तिसरंच राहू दे. कराड मिळालं की मला अजून कशाची वाट बघायची नाही." मला मनातून वाटत होतं की वालचंदसाठी थांबावं, 1947 पासूनचं नाव आहे, आमच्या भागात मान आहे. पण मी काही बोलले नाही.

दुसऱ्या फेरीत कराड मिळालं. इलेक्ट्रिकल. ती गिरणीत आली तेव्हा पट्टा चालू होता, आवाजात मला ऐकू येईना. तिनं पिठाच्या डब्यावर बोटानं 'कराड' लिहिलं. मी गिरणी बंद केली.

आता अर्धा गुण. एक, पावती मिळत नाही. नोंदणीचे 150, दर फेरीच्या ऑप्शन फॉर्मचे 200 घेतले, पैशांबद्दल तक्रार नाही, पण पावती द्यावी. दोन, बायकांना बसायला जागा नाही, गर्दीत खांद्यावरून लोक स्क्रीनमधे डोकावतात. आणि तिसरं मला खुपलं ते जास्त. ते पर्सेंटाइल मोठ्यानं वाचतात. आमच्या मागं एक मुलगी उभी होती, तिचे 48 की काहीसे त्यांनी सगळ्यांदेखत वाचले आणि ती मान खाली घालून बाहेर गेली. थोड्या वेळानं ते स्वतः तिला बोलवायला गेले, पण तोवर ती निघून गेली होती. मी त्यांना नंतर हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. यंदा काउंटरवर छोट्या चिठ्ठ्या ठेवल्यात, गुण त्यावर लिहून द्यायचे.

शाखेत काय शिकवतात, नोकरी कुठं मिळते, हे त्यांना विचारू नका. लेकीनं विचारलं तर सरळ म्हणाले, "मला नाही कळत, मी बीए आहे." आणि कराडच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या गावातल्या एका मुलाचा नंबर त्याला विचारून मगच दिला. त्या मुलानं तासभर फोनवर होस्टेल, मेस, प्रॅक्टिकल, गणिताचा पहिल्या सेमचा ताण, सगळं सांगितलं. फी माफ म्हणजे सगळं फुकट असं धरू नका, होस्टेल, मेस आणि कॉलेजचे इतर खर्च आपल्याला भरावे लागतात. तेही त्या मुलानंच सांगितलं.

फेऱ्यांचे नियम दर वर्षी बदलू शकतात. माझं 2025 चं आहे, यंदाची माहितीपुस्तिका आधी वाचा. कागद मे महिन्यात दाखवा, नोंदणी पहिल्या आठवड्यात करा, आणि ऑप्शन फॉर्म शेवटच्या दिवशी नेऊ नका, त्या दिवशी ते नीट बसून बोलू शकत नाहीत. दुकान सकाळी 9 ला उघडतं, आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी असते. मूळ कागद न्या, आणि मुलाला किंवा मुलीला सोबत न्या. आमचे हे पहिल्यांदा एकटेच यादी घेऊन गेले होते, त्यांना फॉर्म न भरता परत पाठवलं होतं.